प्रस्ताव त्यांचा, मंजुरीही त्यांचीच: सत्तेची वाटणी नक्की कुठे हुकते?

कडक_भाकरी

मंडळी, कॉलेजियमच्या (न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या पद्धतीच्या) धाग्यावर नेहमीची जुंपली आहे, ती चालू द्या. तिथं मी टाकलेला एक प्रश्न त्या गदारोळात वाहून गेला, म्हणून हा वेगळा धागा.

कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ हे विषय निघाले की आपण सगळे माना वळवून दिल्लीकडे बघतो. आता सोलापूरचं बघा. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधला सगळा काळ प्रशासकाचा, म्हणजे आयुक्तांचाच. महापालिका अधिनियमाची रचना साधी आहे: काम करून घेणं आयुक्तांकडे, पैसा आणि धोरण मंजूर करणं स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभेकडे. प्रशासक बसला की प्रस्ताव मांडणारे आयुक्त, स्थायी समिती म्हणून मंजूर करणारे तेच, आणि सभा म्हणून शिक्कामोर्तब करणारेही तेच. अंदाजपत्रकसुद्धा स्वतः तयार करून स्वतःलाच सादर करायचं.

अधिकारी चांगला की वाईट, हा मुद्दाच नाही. "नगरसेवक नव्हते तर कामं पटापट झाली" असं म्हणणारे आमच्या कट्ट्यावरही आहेत. माझं म्हणणं एवढंच की फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूनं १७४८ मध्ये ज्याची भीती घातली होती ते हेच: कायदा करणारा, तो राबवणारा आणि निवाडा करणारा एकच झाला की सामान्य माणसानं दाद मागायची कुणाकडे? तीन खांबांचं चित्र शाळेत पाठ करून घेतात. पण एकच हात दोन कामं करतो अशा जागा मोजायला कुणी शिकवत नाही. त्या जागा इथं मोजूया का?

होटगीरोडवाला

प्रश्न बरोबर, उदाहरण चुकीचं. महापालिकेचं सभागृह म्हणजे कायदेमंडळ नव्हे. ते विधिमंडळानं दिलेल्या अधिकारांवर चालतं, आणि नको असलेला ठराव राज्य सरकार कलम ४५१ खाली विखंडित (म्हणजे रद्द) करू शकतं. संसदेचा ठराव असा कुणाला विखंडित करता येतो का?

शिवाय तो उशीर झाला कुणामुळे? सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी (आयोग, आकडेवारी, पन्नास टक्क्यांची मर्यादा) लावली. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं कायदा बदलून प्रभागरचनेचे अधिकार सरकारकडे घेतले. मग सरकार बदललं, नगरसेवकांची संख्या बदलली, न्यायालयानं 'जैसे थे' सांगितलं, आणि शेवटी ६ मे २०२५ ला "चार महिन्यांत निवडणुका घ्या" असा आदेश आला. तिन्ही अंगं आपापल्या अधिकारात राहूनच वागली मालक, आणि तरी घटनेच्या कलम २४३-यू मधली पाच वर्षांची मुदत वाऱ्यावर गेली. तेव्हा वाटणी झाली म्हणजे सगळं सुरळीत झालं, हा भ्रम आधी सोडा.

कडक_भाकरी

विखंडनाचा मुद्दा मान्य. पण तुमच्या दुसऱ्या परिच्छेदानं माझीच बाजू भक्कम केली. निवडणुकीत ज्यांचा फायदा-तोटा होणार, त्यांच्याच हाती प्रभाग पाडायचं काम गेलं. एक हात, दोन कामं.

ॲड_सातरस्ता

संविधान सभेत हा वाद रीतसर झालेला आहे. तारीख १० डिसेंबर १९४८. प्रा. के. टी. शहा यांनी ४०-अ असं नवं कलम सुचवलं: राज्याच्या तीन प्रमुख अंगांत पूर्ण फारकत असावी. काझी सय्यद करीमुद्दीन यांनी पाठिंबा दिला. डॉ. आंबेडकरांचं उत्तर थोडक्यात असं होतं. न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी हवी यावर दुमत नाही, आणि तशी तरतूद आपण केलेली आहे. पण मंत्री आणि संसद यांची फारकत ही अमेरिकेची रीत, आणि तिथल्याच अनेक जाणकारांचं तिच्याबद्दल समाधान नाही. संसदेचं काम इतकं गुंतागुंतीचं झालंय की मंत्री सभागृहात बसून सदस्यांना वाट दाखवतील तरच ते नीट पार पडेल. शहांची सूचना फेटाळली गेली.

म्हणजे मंत्री आणि संसद यांची सरमिसळ ही घटनाकारांची नजरचूक नाही, जाणून घेतलेला निर्णय आहे. सहा महिन्यांत सभागृहाचा सदस्य झाला नाही तर आपल्याकडे मंत्रिपद जातं. अमेरिकेत उलट, काँग्रेसचं सदस्यत्व सोडल्याशिवाय मंत्री होता येत नाही. १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की आपली घटना हे तत्त्व काटेकोरपणे पाळत नाही, पण कुणी कुठलं काम करायचं हे तिनं पुरेसं स्पष्ट केलंय.

आता ज्या फारकतीबद्दल "दुमत नाही" म्हटलं तिचं काय झालं, ते बघा. आजचं कलम ५० मसुद्यात ३९-अ म्हणून आलं, तेव्हा त्यात तीन वर्षांची मुदत होती. लगेच ती मुदत काढून टाकली गेली. मुंबई राज्यानं १९५१ मध्ये स्वतःचा कायदा केला, पण देशात बहुतेक ठिकाणी न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी वेगळे व्हायला १ एप्रिल १९७४ उजाडलं. त्याआधी कितीतरी ठिकाणी महसूल गोळा करणारा आणि पोलिसांवर देखरेख ठेवणारा अधिकारीच आरोपीला शिक्षाही सुनवायचा.

पूर्वभागकर

वकीलताई, एक विचारू का? हे सगळं पुस्तकातलं झालं. आमच्याकडं एखाद्या पोरावर तडीपारीचा प्रस्ताव होतोय. प्रस्ताव पोलीस ठाण्याचा, चौकशी एसीपीची, आदेश डीसीपीचा. समदे पोलीसच की ओ. ह्यात कोर्ट कुठं हाय? १९७४ ला वेगळं झालं म्हणताय, मग आमच्या पेठेत कधी हुणार?

ॲड_सातरस्ता

पूर्वभागकर, आतापर्यंतचा सगळ्यात नेमका प्रश्न तुमचा. जरा सविस्तर लिहिते.

तडीपारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५, ५६ आणि ५७ खाली होते. सोलापूरसारख्या आयुक्तालयाच्या शहरात आदेश पोलीस खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी काढतो. ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी किंवा प्रांताधिकारी. माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षं शहराबाहेर, जिल्ह्याबाहेर, कधी शेजारच्या जिल्ह्यांतूनही घालवता येतं. गुन्हा सिद्ध होण्याची अट प्रत्येक कलमात नाही. कलम ५६ मध्ये तर साक्षीदार भीतीपोटी उघड पुढं येत नाहीत, याबद्दल अधिकाऱ्याचं समाधान झालं की पुरतं. कलम ५९ ची नोटीस मिळते, पण तिच्यात आरोपांचं साधारण स्वरूप असतं. कोण काय बोललं, ते कळत नाही. गुप्त साक्षीदार 'अ' आणि 'ब'. उलटतपासणी घ्यायची तर कुणाची?

मग अपील. कलम ६० खाली ते राज्य सरकारकडे करायचं, म्हणजे पुन्हा कार्यकारी यंत्रणेकडेच. न्यायाधीशाचं तोंड दिसतं ते थेट उच्च न्यायालयात. तिथं असे आदेश रद्द झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत: जुनेपाने गुन्हे मोजले, गुन्हे एका तालुक्यातले आणि माणूस घालवला तीन जिल्ह्यांतून, दोन वर्षं का याचं कारणच नाही. जानेवारी २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो सरसकट वापरायचा नाही, असं बजावून आदेश रद्द केला.

चॅप्टर केसचंही (शांततेनं वागण्याचं बंधपत्र लिहून घ्यायची कारवाई) तेच. पूर्वीची कलमं १०७ आणि ११०, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६ आणि १२९. गावाकडे तहसीलदार ऐकतात, शहरात सहायक पोलीस आयुक्त. बंधपत्र मागणारं आणि ते लिहून घेणारं खातं एकच. १९७४ ला शिक्षा देण्याचं काम न्यायाधीशांकडे गेलं, 'प्रतिबंधाचं' काम मात्र मागंच राहिलं.

होटगीरोडवाला

वकीलताई, दुसरी बाजूही लिहा ना. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कुणी धजत नाही, अशा माणसाचं करायचं काय? भाजीवाल्याकडनं रोज हप्ता घेणारा कोर्टात कधीच सिद्ध होत नसतो. तडीपारी झाल्यावर बाजार मोकळा श्वास घेतो, हेही खरं आहे.

ॲड_सातरस्ता

खरं आहे, म्हणून तर कायदा टिकला आहे. घटनेच्या कसोटीवरही टिकला आहे. माझा आक्षेप तडीपारीला नाही. प्रस्ताव पोलिसांनीच करावा, पण निर्णय न्यायदंडाधिकाऱ्यानं द्यावा, यात कुठला बाजार बंद पडणार आहे?

गड्डा_यात्री

सोलापूरकरांना ही गोष्ट खरं तर दुसऱ्या कुणी शिकवायला नको. १२ मे ते ३० जून १९३० या काळात आपल्या शहरात लष्करी कायदा होता. गांधीटोपी घालायची नाही, हा हुकूम लष्करी अधिकाऱ्याचा. टोपी दिसली की पकडणार त्याचेच शिपाई, आणि शिक्षा फर्मावणारं न्यायालयही लष्करीच. त्याला कायद्याचा आधार म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विननं सोलापूरसाठी खास वटहुकूम काढला. कुठल्याही सभागृहात चर्चा नाही, मतदान नाही, एका सहीचा कायदा. आणि त्याच धामधुमीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना लष्करी न्यायालयानं फाशी दिली.

पेठेतला_इतिहास

गड्डा_यात्री, एक दुरुस्ती. चौघांवरचा खटला लष्करी न्यायालयात चालला नव्हता. मंगळवार पेठ पोलीस चौकीवर दोन पोलीस मारले गेले, त्या आरोपाखाली तो नेहमीच्या सत्र न्यायालयात चालला. उच्च न्यायालयातही दाद लागली नाही आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. लष्करी कायद्यात तिन्ही कामं एका हातात होती, हे उघड दिसत होतं. पण या खटल्यात कागदावर सगळं वेगवेगळं होतं: पोलीस वेगळे, सरकारी वकील वेगळा, न्यायाधीश वेगळा. आणि तरीही निकाल काय लागणार, हे अख्ख्या सोलापूरला ठाऊक होतं. नुसत्या वेगळ्या खुर्च्या मांडून काय होतं? त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना नेमणारा आणि काढणारा एकच असेल तर वाटणी कुठली?

कडक_भाकरी

वा, हे फार नेमकं. यावरून पुन्हा कॉलेजियमवर येणार लोक, दिसतंय मला!

आयर्विनचा तो वटहुकूम मात्र सहज सोडू नका. तो अधिकार गोऱ्यांबरोबर गेला नाही. कलम १२३ खाली राष्ट्रपतींना आणि २१३ खाली राज्यपालांना तो आजही आहे, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळाला. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहानं मंजूर केला नाही तर वटहुकूम संपतो. बिहारनं यावर तोड काढली: संपायच्या आत तोच वटहुकूम पुन्हा काढायचा. १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम, आणि त्यातले काही तर चौदा-चौदा वर्षं जिवंत. हे उकरून काढलं पुण्याच्या गोखले संस्थेतल्या डॉ. डी. सी. वाधवा या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी. स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये जिंकले. न्यायालयानं या प्रकाराला घटनेशी केलेली लबाडीच म्हटलं. बिहारच्या आमदारांना चौदा वर्षांत आपला अधिकार कुणी पळवला याचा पत्ता नसावा आणि तो पुण्यातल्या मास्तरांना लागावा, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

जुळेसोलापूर_ते_जर्सी

अमेरिकेतून लिहितो. पूर्ण फारकतीची हौस असलेल्यांनी २०२५ चा शटडाउन आठवावा. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, त्रेचाळीस दिवस. खर्चाचं विधेयक अडलं म्हणून केंद्र सरकारचे लाखो कर्मचारी पगाराविना. आपल्याकडे लोकसभेत सरकारचा अर्थसंकल्प पडला तर सरकार पडतं. इथं सरकार पडत नाही, बंद पडतं. अध्यक्ष त्यांच्या जागी, काँग्रेस त्यांच्या जागी, दोघंही लोकांनी निवडलेले, मग कोण कुणाला हटवणार? शहा हरले ते बरंच झालं.

विडी_घरकुल_कन्या

मी एमपीएससीची तयारी करतेय, म्हणून विचारते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेब म्हणतात की संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब रोजच्या रोज होतो, प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून. अध्यक्षीय पद्धतीत तो ठरावीक मुदतीनंतर होतो. म्हणून स्थैर्यापेक्षा जबाबदारीला त्यांनी वरचं स्थान दिलं. पण १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती आली, पक्षांतरबंदी. आता व्हिपविरुद्ध (पक्षाच्या आदेशाविरुद्ध) मत दिलं तर सदस्यत्व जातं. मग सत्ताधारी बाकावरचा खासदार रोजचा हिशेब मागणार कसा? संसदेत मंत्री बसवले ते संसदेनं त्यांच्यावर नजर ठेवावी म्हणून. झालं उलटं, मंत्रीच खासदारांवर नजर ठेवून आहेत. हे उत्तरात लिहिलं तर गुण कापतील का?

ॲड_सातरस्ता

गुण वाढतील. जोडीला लिहा की १९९० च्या दिनेश गोस्वामी समितीनं अपात्रता फक्त विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवा असं सुचवलं होतं, आणि ते कुठल्याच सरकारनं मनावर घेतलं नाही. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातली दुसरी अडचणही लिहा: अपात्रतेचा निवाडा करणारे सभागृहाचे अध्यक्ष स्वतः बहुधा सत्ताधारी पक्षाचे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सुचवलं की हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावं. महाराष्ट्रानं त्यानंतर जे पाहिलं ते सगळ्यांना माहीत आहे: ११ मे २०२३ चा पक्षफुटीवरचा घटनापीठाचा निकाल, अपात्रतेचा प्रश्न पुन्हा अध्यक्षांकडे, आणि अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस

आणि त्या निर्णयात काय झालं ते सांगा की! तुमच्या त्या पक्षानं

संपादक मंडळ

पक्षांची नावं घेऊन भांडायला राजकारण विभाग आहे. वरचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस

घ्या! कायदा तुमचा, पोलीस तुम्ही, न्यायाधीशही तुम्हीच. धाग्याच्या विषयाला धरून आहे हो हे. 😄

बरं, गंमत म्हणून: आपल्या सुशीलकुमार शिंदेंनी सोलापूरच्या न्यायालयात शिपाई म्हणून नोकरी केली, मग पोलीस फौजदार, मग आमदार, मुख्यमंत्री, राज्यपाल, शेवटी केंद्रीय गृहमंत्री. फारकत गेली उडत, एकाच माणसानं सगळं आतून पाहिलं!

गड्डा_यात्री

आमदार-खासदार निधीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? चौकातला हायमास्ट, बाकडं, समाजमंदिर, सगळीकडे "अमुक यांच्या निधीतून". कायदे करायला पाठवलेला माणूस बाकडी बसवतोय. हे कार्यकारी काम नव्हे काय?

ॲड_सातरस्ता

हाच मुद्दा घेऊन लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. खासदार निधी १९९३ चा, आता वर्षाला पाच कोटी. २०१० मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं योजना वैध ठरवली. कारण असं की खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी आणि काम जिल्हा प्रशासनाचं. कायद्यानं बरोबर. प्रत्यक्षात मतदार खासदाराला विधेयकावर काय बोललात ते विचारत नाही, बाकडं कधी येणार ते विचारतो. याला कुठलं पीठ काय करणार?

होटगीरोडवाला

सगळे कार्यकारी मंडळालाच झोडताय. न्यायालयांचं काय? न्यायाधीशांच्या नेमणुका कॉलेजियमऐवजी आयोगाकडे देणारी ९९ वी घटनादुरुस्ती संसदेनं जवळपास एकमतानं केली, राज्यांनी मंजूर केली, आणि १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतांनी ती रद्द झाली. ज्या संस्थेच्या नेमणुकांचा प्रश्न, तिनंच निवाडा दिला. कडक_भाकरी, तुमच्या 'एक हात, दोन कामं' यादीत हे घालणार की नाही?

कडक_भाकरी

घालणार. हातचं राखून मोजायचं असतं तर धागाच काढला नसता. फक्त पेठेतला_इतिहास यांचा १९३१ चा मुद्दा शेजारी ठेवा. नेमणारा कोण, यावर खुर्चीचा कणा ठरतो. नेमणुका न्यायाधीशांकडे राहण्यात दोष आहे, सरकारकडे जाण्यात त्याहून मोठा आहे, असं माझं मत. आणि न्यायालयानं स्वतःचाच अधिकार वाढवला असं सरसकट म्हणाल, तर १३ नोव्हेंबर २०२४ चा बुलडोझरचा निकालही वाचा. आरोपी म्हणून कुणाचं घर पाडणं म्हणजे कार्यकारी यंत्रणेनं न्यायाधीश होणं, असं न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी ठणकावून सांगितलं आणि पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. ती नोटीस कुणाच्या कामी येणार? कॉलेजियमवर भांडणाऱ्या तुमच्या-माझ्या नव्हे.

होटगीरोडवाला

बुलडोझरबद्दल वाद नाही. कॉलेजियमबद्दल आहे आणि राहील. "त्याहून मोठा दोष" हे तुमचं गृहीतक आहे, पुरावा नव्हे. १९९३ ला कॉलेजियम येण्याआधी नेमणुका सरकारच करत होतं, आणि त्या काळातले गजेंद्रगडकर काय कमी कण्याचे होते? १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेनं उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांना अटक करून सभागृहापुढं हजर करा असा हुकूम सोडला, तेव्हा अलाहाबादचे सगळे अठ्ठावीस न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी तो रोखला. प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सातारचे गजेंद्रगडकर सरन्यायाधीश म्हणून विधानसभेच्या विरोधात मत देऊन मोकळे झाले. सगळे सरकारनंच नेमलेले.

पेठेतला_इतिहास

आणि १९७३ मध्ये सरकारनंच तिघा ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमला, तेही त्याच पद्धतीत. पद्धत तीच होती, सरकार बदललं होतं.

पूर्वभागकर

तुमचं चालू द्या मालक, माझं एक राहिलं. वकीलताई, तडीपारीचा आदेश हातात पडला तर अपिलाला किती दिवस असतेत? आन् हायकोर्टाला मुंबईलाच जावं लागतंय का?

ॲड_सातरस्ता

आदेशापासून तीस दिवस. मुंबई नको आता. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू आहे, सोलापूर जिल्हा तिच्याकडेच. अपील आधी करा. थेट रिट याचिका घेऊन हायकोर्टात गेलात तर पहिला प्रश्न तोच विचारतात. कलम ५९ ची नोटीस, तिला दिलेलं उत्तर आणि आदेश, तिन्हींच्या प्रती जपून ठेवा. नोटिशीत नसलेली एखादी घटना आदेशात घुसली आहे का, ते आधी ताडून बघा. बऱ्याच वेळा तिथंच सापडतं. नावगाव इथं टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.